पितळेवरचा कापूस

पहिला रोल

"ही मी आहे की उशी?" निगेटिव्ह खिडकीशी धरून तिनं विचारलं.

नवऱ्याचा चेहरा पडला. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. फोटो काढायचा लाकडी डबा त्यानंच बनवला होता. मागे रुंद फिल्मचा रोल, पुढे पितळेच्या पातळ पत्र्याला सुईनं पाडलेलं भोक. भिंग नाहीच. उजवा हात थरथरायला लागल्यापासून तिनं कुणाला फोटो काढू दिला नव्हता. हात वाकडा दिसतो म्हणायची. नाकदुऱ्या काढून काढून याला तीन रोल मंजूर झाले होते. पैकी एक पाण्यात.

दुसरा रोल

भोक बारीक तितकं चित्र रेखीव, हा त्याचा हिशेब. भोक केसाएवढं झालं, चित्र आणखी धूसर. उजेडही आत शिरेना, म्हणून प्रत्येक फोटोला ती चार चार मिनिटं बसली. पुतळा झाला माझा, आता कावळेच यायचे बाकी, म्हणाली.

मधेच, रोल नसताना

तिची सगळी नोकरी नर्सची, सुया उकळून वापरायच्या काळातली.

"अहो, फार बारीक सुईतून औषध सरकत नाही. तुमचा उजेडही तसाच अडत असेल. आणि सुईच्या टोकाला काटा, म्हणजे धातूची बारीक कूस आहे का, ते आम्ही असं बघायचो."

तिनं कापसाचा बोळा भोकाच्या मागच्या कडेवरून ओढला. हात थरथरला, पण एक तंतू पितळेला अडकून राहिला.

"हा बघा काटा. पेशंटनं वॉर्ड डोक्यावर घेतला असता."

भिंगातून शंभरदा तपासलेली कड, आणि तीही पुढूनच! त्यानं नवा पत्रा घेतला. भोक जरा मोठं पाडलं, दोन्ही बाजू पाण्यातल्या पॉलिश पेपरवर घासल्या. कापूस न अडकता सरकला तेव्हाच तो थांबला.

तिसरा रोल, शेवटचा फोटो

अकरा फोटोंत हात शालीखाली होता. बाराव्याच्या आधी तिनं तो आपणहून मांडीवर ठेवला.

"राहू दे बाहेर. काटा या हातानंच शोधलाय."

त्यानं झाकण सरकवलं आणि चाळीसपर्यंत मोजलं.

कागदावर सगळं उतरलं: चष्म्याची दांडी, कपाळावरच्या तीन आठ्या, खुर्चीचा वेत अन् वेत. मांडीवर फक्त एक मऊ, उजळ धुकं.

 मग फोटो कुठे टांगायचा ते तिनं उजव्या हातानंच दाखवलं. बोट भिंतीवर दोन इंच इकडेतिकडे होत होतं. त्यानं बरोबर मधोमध पेन्सिलीनं खूण केली.