मागचं पायडल

जोडसायकलीवर मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पाठ दिसते. मास्तरांची पाठ चांगली ऐसपैस होती, त्यामुळे बाईंच्या वाट्याला समोरचं जग म्हणजे घामाने भिजलेला निळा शर्ट आणि त्याच्या दोन्ही अंगांनी मागे पळणारी शेतं, एवढंच. हँडल मास्तरांच्या हातात, ब्रेक मास्तरांच्या हातात, गिअरसुद्धा त्यांच्याच हातात. बाईंकडे नुसतं पायडल. चढ आला की मास्तर पुढून हुकूम सोडायचे, ‘दे!’ आणि उतार लागला की, ‘सोड!’ उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला माणूस. तोंडात शिट्टी नव्हती हेच बायकोचं नशीब.

सायकलीची कल्पना मुलीची. मास्तरांना हृदयाचा झटका येऊन गेला आणि ते इस्पितळातून परतले ते मनाने निम्मे होऊनच. खिडकीशी बसून राहायचे, दाराची कडी वाजली तरी दचकायचे. चहा पुढे ठेवला तर तो निवून जायचा. डॉक्टर म्हणाले, थोडा व्यायाम सुरू करा, पण सपाटीवर, दम लागेल असं काही नको, आणि एकटे तर मुळीच जाऊ नका. एकट्याने जायचं नाही ना, मग दोघं जा, असं म्हणून परगावी राहणाऱ्या मुलीने ही लांबलचक सायकल धाडून दिली.

मोठा नवा रस्ता झाल्यापासून जुन्या रस्त्याला कुणी विचारत नव्हतं. ना मोटार, ना ट्रक, ना हॉर्न. डांबराच्या कडेने गवत आत सरकलेलं, आणि दिवस उजाडताना तिथे गेलं तर पाखरांचा आवाज आणि साखळीची किरकिर, बाकी शुकशुकाट. सपाटी मात्र नावालाही नव्हती. अंथरुणावरची चादर कुणीतरी लाथाडून ठेवावी तशी ती जमीन, एक चढ संपतो न संपतो तोच दुसरा. डॉक्टरांना हे कुणी कळवलं नाही. मास्तर म्हणाले, मोकळा रस्ता आहे, आणखी काय हवं.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच चढावर बाईंना कळून चुकलं. जोडसायकलीची दोन्ही पायडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. पुढचा फिरला की मागचा फिरतो, मागचा फिरला की पुढचा. मास्तर ओरडले, ‘दे!’ आणि त्याच क्षणी पायडलातून मास्तरांच्या पायांतलं बळ गेलेलं बाईंना जाणवलं. पाय नुसते चक्राबरोबर गरगर फिरत होते. बाईंनी आयुष्यभर शिलाई मशीन मारलेलं. मुलीचं शिक्षण त्या मशीनवर झालं, घरावर छप्पर त्या मशीनवर चढलं. त्यांच्या पोटऱ्या म्हणजे लाकूड. त्यांनी दात आवळले आणि दोघांसकट सायकल वर नेली.

माथ्यावर मास्तर थांबले, मागे वळले आणि हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. ‘बघितलंस? दमसुद्धा लागला नाही मला.’ आता तुम्हीच सांगा, त्या चेहऱ्याला काय सांगायचं? बाई म्हणाल्या, ‘छान झालं हो.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून त्या गप्प बसल्या आणि पुढे गप्पच राहिल्या.

मास्तरांची तब्येत खरंच सुधारली की नाही कोण जाणे, पण माणूस सुधारला. जेवायला लागले, शेजाऱ्यांशी वाद घालायला लागले, आरशासमोर उभं राहून छाती मोजायला लागले. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी चढाचं वर्णन असं काही रंगवलं की डॉक्टरांनी हात जोडले आणि रस्ता बदला म्हणाले. मास्तरांनी बाहेर आल्यावर, हे डॉक्टर भित्रे, असा निकाल दिला. आत डॉक्टरांसमोर बाजूच्या खुर्चीवर बाई मूग गिळून बसल्या होत्या. घरी आल्यावर त्या दुखऱ्या पोटऱ्यांना तेल चोळायच्या, तर मास्तर विचारायचे, ‘तुला काय झालं दुखायला? बसून तर असतेस.’ आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात त्या किती! आपणच नवऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय, हे बाईंना समजत होतं. पण चढवलेल्याला उतरवायचं कसं, ते काही सुचत नव्हतं. रोज म्हणायच्या, उद्या सांगू.

मग एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. बाई आतल्या खोलीत बाही शिवत होत्या. मास्तर बाहेर मोठमोठ्याने बोलत होते, आणि बोलता बोलता म्हणाले, ‘मी ठणठणीत आहे गं. तुझ्या आईचं मात्र मागे पोतं ठेवल्यासारखं असतं. दोघांचं ओझं मीच ओढतो. उद्यापासून माझी जुनी सायकल काढतो, एकटा जातो, म्हणजे कळेल तरी आपल्यात किती दम आहे.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन थांबलं. पोतं! ज्या पायांनी याला महिनोन्‌महिने डोंगर चढवला, ते पाय म्हणजे पोतं! रात्रभर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

सकाळी मास्तरांनी जुन्या सायकलीत हवा भरली आणि बुटांच्या नाड्या आवळल्या. फोन फडताळातच राहिला. जिभेखाली धरायची गोळी खिशात न्यायचं तर त्यांनी केव्हाच सोडलं होतं. बाई दारात उभ्या होत्या आणि सांगायचं ते सगळं ओठांवर आलं होतं. ‘अहो, तुमच्याने तो चढ व्हायचा नाही, आजवर मी चढवत होते.’ एवढं एक वाक्य. पण मास्तर वर बघून म्हणाले, ‘तू आराम कर आज. तुलाही बरं, मलाही हलकं.’

‘जा,’ बाई म्हणाल्या. ‘बघा किती हलकं वाटतं ते.’

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पाणी उकळेपर्यंत राग टिकला. चहा गाळला आणि तसाच ठेवला. त्या मशीनवर बसल्या आणि त्यांनी बाही उलटी जोडली. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं असं. आपण काय करून बसलो? गोळीची बाटली आणि फोन पिशवीत टाकून त्या अंगणात धावल्या. अंगणात होती ती जोडसायकल, दुसरं काही नव्हतं. बाई आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसल्या.

फाटकापर्यंत झोकांड्या गेल्या, मग सायकल सरळ झाली. आणि समोर रस्ता उघडला. पाठ नव्हती मध्ये. हिरव्या पिवळ्या शेतांतून खाली उतरलेला, पुन्हा वर चढलेला, पार आभाळाला टेकलेला रस्ता, आणि त्यावर चिटपाखरू नाही. इतके दिवस या रस्त्याने आल्या-गेल्या, पण हा रस्ता त्यांनी पाहिलाच नव्हता. उतारावर वारा तोंडावर आला आणि बाईंना आनंद झाला. लपवायचं कशाला, झालाच. नवरा पुढे कुठे पडला असेल या भीतीने निघालेली बाई, आणि तिला सायकल चालवताना मजा वाटत होती. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली. पहिला चढ कधी सरला ते कळलंसुद्धा नाही. सायकलीवर जड वाटायला दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या चढाच्या अर्ध्यावर ओढ्याचा छोटा पूल होता. तिथे जुनी सायकल आडवी पडली होती आणि मास्तर कठड्याला टेकून खाली बसले होते. तोंड राखेसारखं, एक हात छातीवर. डोळे उघडे होते. बाईंनी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली, शर्टाची बटणं सोडली, डॉक्टरांना फोन लावला. हलवू नका, गाडी पाठवतो, डॉक्टर म्हणाले. मास्तरांचा श्वास हळूहळू संथ झाला, ओठांना थोडा रंग आला. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या शेजारी बसल्या.

मास्तर जोडसायकलीकडे बघत होते. मग बाईंकडे. बाईंच्या कपाळावर नीट घामही नव्हता.

‘हा चढ एकटी आलीस?’

‘हो.’

‘एवढी जड सायकल घेऊन?’

मास्तर कवायत शिकवणारे होते. पायांचं गणित त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते बराच वेळ त्या रिकाम्या मागच्या सीटकडे बघत राहिले.

‘मला वाटलं होतं, मी बरा झालो,’ ते म्हणाले.

बाईंना रडू फुटलं. पहिल्या दिवशी माथ्यावर तुम्ही हसलात, तेव्हा तोंडातून निघालं नाही, मग रोज उद्यावर ढकललं, असं सगळं त्यांनी सांगून टाकलं. मास्तर ऐकत होते. ते रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, समजलं अशा अर्थाने. मग त्यांनी अगदी हळू, घरात काही हरवलं तर विचारतात तशा आवाजात विचारलं.

‘आज सकाळी तरी का नाही सांगितलंस?’

आठवलं नाही, धीर झाला नाही, तुम्ही ऐकलं नसतंत, असं काहीही म्हणता आलं असतं. मास्तरांनी ते मानूनही घेतलं असतं. पण खोटं बोलून बोलून बाई आता थकल्या होत्या.

‘आज सकाळी मला राग आला होता,’ त्या म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि छातीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. ‘अस्सं,’ एवढंच ते म्हणाले. दोघं कठड्याला टेकून शेजारी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लागत होता, आणि तो काढून घ्यायची ताकद मास्तरांत नव्हती. खाली ओढा वाहत होता, वाऱ्याने पिकं हलत होती. गाडी येईपर्यंत रस्त्याने एक माणूस गेला नाही. कुणी गेलं असतं तर बरं झालं असतं. दोघांनाही दुसऱ्या कुणाशी तरी बोलता आलं असतं.