कोयीच्या पिठातली ऊर्जा

करंगळीच्या नखाएवढी गोळी — आंब्याच्या कोयीतला गर वाळवून, दळून, दाबून केलेली, फिकट बदामी, एका कडेला किंचित भुगा झालेली — धातूच्या वाटीत तिरकी बसली होती. चिमट्याने ती सरळ करताना तिचा हात थांबला. काल बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात मऊ भाताचा एवढाच गोळा अडकून राहिला होता, आणि तिने तो पुसून काढला होता, जसं टेबलावर सांडलेलं पुसतात तसा...

तिने वाटी पोलादी भांड्यात ठेवली, झाकण आवळलं, आत प्राणवायू भरला आणि बटण दाबलं. भांड्याभोवतीचं पाणी हळूहळू तापू लागलं. जळताना कोय मक्याच्या तोडीस तोड उष्णता देते, हे आता तिला तोंडपाठ झालं होतं. पण कोंबडीचं शरीर म्हणजे भट्टी नव्हे. आत गेलेल्यातलं किती अंगी लागतं आणि किती शिटेवाटे तसंच बाहेर पडतं, हा खरा प्रश्न. आणि कोय तुरट, पचू न देणारी. मका महागला की कोंबड्या पाळणारे सगळे तिच्याकडे विचारत येतात — खाद्यात याच्याऐवजी काय चालेल? चालेल, पण पोटात गेलं म्हणजे पोचलं असं नाही, हे ती त्यांना सांगत आली होती. कालही ती हे सांगू शकली असती. पण डॉक्टर घाईत होते.

"गिळणं गेलंय त्यांचं," ते इस्पितळात बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले होते. "घास श्वासनळीत उतरतोय. थेट पोटात नळी घालू. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा."

आणि फोनवर दादा, "त्यात विचारायचं काय? उपाशी मारणार आहेस का त्यांना?"

शेडमध्ये मामा तिची वाट पाहत होते. पक्षी सांभाळणारे मामा — कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना तेच म्हणत. कोंबडे कालपासून उपाशी ठेवलेले. प्रत्येकाखाली शीट गोळा करायला स्वच्छ ट्रे. मामांनी पहिल्याला काखेत घेतलं, मान सरळ केली. तिने लांब दांड्याचं नरसाळं त्याच्या घशातून खाली, गळ्याखालच्या पिशवीपर्यंत सरकवलं.

"धरलाय. ओता."

पीठ घरंगळत उतरलं. कोंबड्याचा एक डोळा तिच्याकडे होता, गोल, न मिटणारा.

"एवढं मुकाट्याने घरी खातं का हो कुणी तुमच्या हातचं?" मामा हसत म्हणाले.

ती हसली. हसू चेहऱ्यावर आलं आणि तिथेच राहून गेलं, उतरवायचं कसं ते तिला सुचेना. बाबा खात नव्हते. चमचा जवळ नेला की दात आवळायचे. तो नकार होता की आजाराने आखडलेला जबडा? रोड रोलर चालवणारा माणूस — "अख्खं शहर मी सपाट केलंय," असं पाहुण्यांना सांगणारा, सगळं सावकाश करणारा, जेवतानाही — त्याच्या आवळलेल्या दातांचा अर्थ मी कुठल्या भांड्यात जाळून काढू?

चौथ्या कोंबड्याने पीठ ओकून टाकलं. नियमाप्रमाणे तो चाचणीतून बाद. तिने तशी खूण केली. मामांनी त्याची चोच फडक्याने टिपली. "झालं रे राजा, झालं. नाही देत आता त्रास."

प्रत्येकाला धरण्याआधी ते असंच काहीतरी बोलत, हे तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे कानावर पडलं होतं. आज ती नरसाळं हातात धरून तशीच उभी राहिली... डॉक्टर बोलले, दादा बोलला, मी बोलले, आणि मधे बाबा होते, जागे. डोळे उघडे. आम्ही त्यांच्या अंगावरून बोलत होतो, जसं दोन खोल्यांमधल्या भिंतीवरून बोलावं तसं.

शेवटच्या रांगेतल्या कोंबड्यांना काहीच भरवायचं नव्हतं. तरी त्यांच्याखालीही ट्रे होते. पोट रिकामं असलं तरी शरीर आपलं स्वतःचं काही ना काही टाकत राहतं; ते मोजून हिशेबातून वगळावं लागतं. ती त्यांच्यासमोरून भराभर निघून गेली.

संध्याकाळी तिने स्टूल पलंगाजवळ ओढलं. पायथ्याशी नाही, उशाशी. बाबांचा अर्धा चेहरा ओघळलेला, डावा हात चादरीवर.

"बाबा, डॉक्टर पोटात नळी घालायची म्हणतायत. जेवण त्यातून जाईल. तोंडाने नाही." "घालू या का?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग ओठ हलले, पुन्हा हलले.

"चव?"

एकच शब्द, पण स्वच्छ.

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, बाबा," ती म्हणाली. "चव नाही लागणार."

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं तिला वाटलं. पण कपाळावर आठी होती, आणि डाव्या हाताची बोटं चादरीची घडी चिमटीत धरून सोडत होती, पुन्हा धरत होती. ते विचार करत होते. सावकाश, त्यांच्या रीतीने. पर्समध्ये फोन थरथरला — दादाच असणार — आणि थांबला. ते हो म्हणतील, कदाचित नाही म्हणतील. दोन्हींची भीती तिच्या पोटात तशीच होती, तसूभरही कमी झालेली नव्हती. फक्त आता ती त्यांच्याऐवजी उत्तर शोधत नव्हती. कितीही वेळ लागला तरी आपण इथेच बसून राहू शकतो, हे तिला आश्चर्याने जाणवत होतं...