मागाची खंडेनवमी

प्रसादला मागाची किल्ली मिळाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. त्या शनिवारी सकाळी आम्ही अमेरिकेतल्या ॲन आर्बरहून निघालो तेव्हा किल्ली मिस वॉकर यांच्या कमरेला होती. आपणही ती तिथेच राहू देऊ.

गाडीत तिघं. प्रसाद, माझा रूममेट, मेकॅनिकलचा पीएचडीवाला. त्याची आई शोभनाकाकू, इचलकरंजीहून लेकाकडे आलेल्या. आणि मी, अंकुर, कारण गाडी माझी. तासाभराच्या अंतरावर जुन्या यंत्रांचं एक म्युझियम आहे आणि त्यात जपानहून आणलेला, शंभरी उलटलेला माग. प्रसाद सुट्टीच्या दिवशी तिथे दारात उभा राहून हौसेने पत्रकं वाटायचा, पण जीव सगळा मागात. आज त्याची ट्रायल होती. लोकांसमोर माग नीट चालवून दाखवला तर किल्ली त्याची, नाहीतर पुन्हा पत्रकं.

"आज खंडेनवमी," काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या.

"माहितीये, आई."

"आज यंत्रांची पूजा करून त्यांना सुट्टी देतात. आपल्या गल्लीत आज एक माग वाजत नसेल. आणि हा नेमका आजच चालवणार."

"तो माग जपानी आहे, आई."

"मग? आपला टीव्ही कुठे कोल्हापूरचा होता? त्यालाही हार घालायचोच की."

मी यात पडलो नाही. सकाळीच माझ्या स्टिअरिंगला, राइस कुकरला, प्रसादच्या लॅपटॉपला आणि शेजाऱ्यांच्या स्नो ब्लोअरला हळदकुंकू लागलं होतं. शेजाऱ्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं.

"आई, प्लीज. तिथे कशालाही हात लावायचा नाही. पर्ससुद्धा उघडायची नाही."

"मी कशाला उघडू?" काकू इतक्या निरागसपणे म्हणाल्या, की पर्समध्ये झेंडू आहे हे मला तिथेच कळलं.

मिस वॉकर म्हणजे म्युझियमच्या सर्वेसर्वा. जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, "एक जरी धागा तुटला तरी हा माग आपला आपण थांबतो. मी हे वर्षानुवर्षं सांगत आलेय. मुद्दाम धागा तोडून दाखवायची मात्र हिंमत झालेली नाही."

प्रसाद ॲप्रन घालायला आत गेला. काकू माझ्या कानाशी आल्या.

"अंकुर, त्या बाईंना जरा काहीतरी विचार."

"काय विचारू?"

"काहीही. लांबलचक उत्तर येईल असं."

मी मिस वॉकरना विचारलं, म्युझियम बंद झाल्यावर यंत्रांना एकटं वाटत असेल का? त्यांनी फार मनापासून उत्तर दिलं. तेवढ्यात काकू दोरीपलीकडे जाऊन परतही आल्या.

माग सुरू झाला. खटाखट, खटाखट. प्रसादच्या चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूसारखं तेज. मग मला लाकडी चौकटीवरचं झेंडूचं फूल दिसलं. दर दणक्याला ते एकेक बोट पुढे सरकत होतं. मी आयुष्यात कुठलंच फूल इतक्या लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. ते धाग्यांत पडलं, देठ अडकला, एक धागा तुटला आणि माग थांबला.

प्रसादने आईकडे पाहिलं. आईने छताकडे.

"बघ," काकू पुटपुटल्या, "घेतली त्याने सुट्टी."

प्रसादने डोळे मिटले. बहुधा त्याला पत्रकं दिसत होती.

"थांबला!" मिस वॉकर ओरडल्या. त्यांचे डोळे चक्क भरून आले होते. "आई शप्पथ, खरंच थांबतो!" म्हणजे, इंग्रजीत साधारण तसंच काहीसं. लोक टाळ्या वाजवायला लागले. प्रसादने डोळे उघडले, तुटलेला धागा शोधला, गाठ मारली आणि फूल खिशात टाकलं.

"फूल कुणाचं?" मिस वॉकरनी विचारलं.

"माइन," काकू म्हणाल्या. "टुडे इज हिज फेस्टिव्हल." बोट मागाकडे.

मिस वॉकरनी किल्ली काढून प्रसादच्या हातात ठेवली. "फुलं इथून पुढे बंद. चल, पुन्हा सुरू कर."

"आज नको रे," काकू हळूच म्हणाल्या.

प्रसादने किल्लीकडे पाहिलं. दोन वर्षं तिच्यासाठी थांबला होता बिचारा.

"उद्यापासून चालवतो, मॅडम," तो म्हणाला. "उद्या दसरा आहे."

तरी म्युझियमच्या संचालक मंडळास विनंती करण्यात येते की, सदर मागाची प्रदीर्घ सेवा विचारात घेऊन त्यास दरवर्षी खंडेनवमीस पगारी रजा मंजूर करण्यात यावी, व त्या दिवशी म्युझियम बंद असल्यास बदली रजा देण्यात यावी.