दहावी शेपूट

शिंपीणबाईंच्या पत्राला ग्रंथपालकाकांनी उत्तर दिलंच नव्हतं. अकरा महिने ते पत्र त्यांच्याच पुस्तकात, पान तेविसावर, खूण म्हणून पडून होतं. पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं, विषय कुत्र्यांच्या शेपट्या. निवृत्तीच्या आधी वाचनालयातली जाडजूड पुस्तकं चाळून काकांनी ते लिहिलं होतं. कुत्रा मात्र त्यांनी उभ्या जन्मात पाळला नव्हता. रस्त्यात एखादा दिसला तर ते मुकाट्याने पलीकडचा फुटपाथ धरत.

बाईंनी लिहिलं होतं, 'तुमच्या पुस्तकात कोयत्यासारखी, चाबकासारखी, झुपकेदार, पाठीवर वळलेली अशा नऊ शेपट्या आहेत. आमच्या कुत्र्याची जेमतेम अंगठ्याएवढी. ती तुमच्या नवांत बसत नाही. सैल आणि ऐसपैस हलली तर आनंद, पायांत गेली तर भीती, हे खरं. पण ह्याची हलते की नाही तेच कळत नाही. मी दुकानातून घरी आले की हा कमरेपासून थरथरतो. थंडी वाजत असेल म्हणून मागून झाकेल असा कोट शिवला. तरी थरथरतोच. माझ्याकडे सुखात नसेल तर दिरांकडे देईन, तिकडे अंगण आहे. काय ते कळवा.'

काकांना उत्तर माहीत नव्हतं. पहिला महिना शोधण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात उशिराबद्दल माफी मागणं भाग झालं, आणि पाचव्या महिन्यात ती माफी इतकी उशिरा मागण्याबद्दल वेगळी माफी लागणार, असं वाटून त्यांनी पुस्तक मिटलं.

मग धाकटी बहीण लेकीच्या बाळंतपणाला निघाली आणि आपला कुत्रा तीन आठवड्यांसाठी दादाकडे घेऊन आली. नाव खुंट्या, कारण शेपटीच्या जागी खुंटी. त्याच्या जेवणाच्या वेळा लिहायला तिने कागद शोधला, तो नेमका पान तेविसावरचा हाती लागला. उभ्या उभ्या तिने सगळं पत्र वाचलं.

"दादा, तिने कुत्रा देऊन टाकला असेल तर?"

"पण मला माहीतच नाही गं, तो का थरथरतो ते."

"मग हा ठेवून जातेय ना. बघ आणि लिही. मी येईन तेव्हा पत्र गेलेलं पाहिजे."

दादा बहिणीला जन्मभर घाबरत आला होता, त्यामानाने कुत्र्याची भीती अलीकडची. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणि पट्टी काढली. त्यांच्याच पुस्तकात पान सहावर लिहिलं होतं, की निरीक्षकाने नेहमी कुत्र्याच्या मागे उभं राहावं. ते मागे उभे राहिले. हा माणूस मागे काय करतोय ते बघायला खुंट्या वळला. काका पुन्हा मागे गेले, खुंट्या पुन्हा वळला. जेवणाच्या टेबलाभोवती अशा अकरा फेऱ्या झाल्या आणि चक्कर काकांना आली. वहीत नोंद झाली: 'नऊ वाजता शेपूट स्थिर. साडेनऊला स्थिर. दहाला स्थिर, कुत्रा वैतागलेला (अंदाज).' एखादी हालचाल हुकेल म्हणून त्यांनी घराबाहेर पाऊल टाकणंही बंद केलं.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन पुस्तकांचं पार्सल घेऊन फाटकाच्या आत आला. खुंट्या जागच्या जागी थिजला. त्याची खुंटी उभी राहिली आणि बारीक बारीक हलू लागली. मागे उभ्या असलेल्या काकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "या, या," ते म्हणाले, "आनंदात आहे." ताठ उभी राहून थोडी थोडी हलणारी शेपूट म्हणजे इशारा, हे त्यांनी स्वतःच पान एकोणिसावर छापलं होतं. पण अंगठ्याएवढी शेपूट ताठ कधी म्हणायची, हे तिथे नव्हतं.

पुढच्याच क्षणी खुंट्याने पोस्टमनच्या पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत फाडला. पोस्टमनने उरलेल्या भागाकडे एकदा बघितलं आणि फाटकाबाहेर जाऊन शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही मागून बघत होता, मी पुढून. पुढून तो आनंदात नव्हता." यापुढे टपाल फाटकावरून आत टाकीन आणि तुमचं पत्र न्यायला काही येणार नाही, असंही त्याने बजावलं.

सहाव्या दिवशी घरातला पाव संपला. काका नाइलाजाने दुकानात गेले आणि वीस मिनिटांनी परतले. दार उघडलं, तर समोर खुंट्या. खुंट्या आल्यापासून ते पहिल्यांदाच बाहेरून घरात येत होते.

खुंट्याचे कान मागे पडले, तोंड उघडलं, आणि कमरेपासून मागचं सगळं अंग हलायला लागलं. डोकं एका बाजूला, ढुंगण दुसऱ्या बाजूला. पाय फरशीवर घसरले, चपलांचं कपाट दणाणलं. काकांना वाटलं, झटका आला. ते घाबरून बाहेर गेले, दार लावलं, दहा आकडे मोजले आणि परत उघडलं. पुन्हा तेच. खात्री करायला आणखी तीनदा आत-बाहेर केलं. पाचव्या वेळीही खुंट्याचा उत्साह तसूभर कमी झाला नव्हता. पाच वेळा कुणी आपलं इतकं स्वागत करील, हे काकांच्या गावीही नव्हतं. ते पाव घेऊन तिथेच फरशीवर बसले. 'कमरेपासून थरथरतो,' त्यांना आठवलं. अर्धा पाव तेवढ्यात खुंट्याने संपवला.

पत्राचा पहिला मसुदा माफीचाच चार पानं झाला. सातव्यात माफीची एक ओळ उरली. मग त्यांनी लिहिलं: 'तुमच्या कुत्र्याला थंडी वाजत नाही. शेपूट कमी पडते म्हणून तो तिचं काम कमरेकडून करून घेतो. तुम्ही घरी आलात याचा त्याला आनंद होतो. कोट काढून बघा. दिरांकडे दिला असेल तर कृपा करून परत आणा. माझ्या पुस्तकात दहावी शेपूट राहून गेली, ती चूक माझी.'

पोस्टमन येणार नव्हता, म्हणून खुंट्याला साखळी लावून काका स्वतःच कोपऱ्यावरच्या पेटीकडे निघाले. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि हात थबकला. पत्ता बदलला असेल का? 'करून घेतो' बरं वाटतं, की 'भागवतो'? तेवढ्यात पेटी रिकामी करायला पोस्टमन सायकलवरून आला आणि दहा पावलांवरच थांबला.

"आता कसा आहे?" त्याने लांबूनच विचारलं.

काका वळसा घालून खुंट्याच्या पुढे आले आणि त्यांनी त्याचा चेहरा नीट बघितला.

"ताठ आहे," ते म्हणाले. "तुम्ही जरा तिथंच थांबा."

आणि त्यांनी पाकीट आत ढकललं.