उघडे तळवे

कायदा संसदेने करायचा आणि त्याखालचे नियम मंत्र्याने, अशी सोय होती. त्या मेल्या मंत्र्याला वेसण घालायला एकच समिती, आणि उल्कान तिची अध्यक्ष. समितीने मुदतीत नकार दिला नाही, की नियम आपोआप लागू.

त्या दिवशी समितीच्या बैठकीत एकच नियम उरला होता: रोगाचा नुसता संशय आला तरी कुरणातले घोडे जागीच गोळ्या घालून मारायचे. पण समितीतले सगळ्यांत वडीलधारे तुर्दुमामत आबा, त्यांना पणतू झालेला, म्हणून मटणाचं ताट मध्येच आलं. खाऊन होताच आबांनी तळवे उघडून दुवा मागितली. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. दुवा झाली की उठायचं, परत बसायचं नाही.

"आबा, घोड्यांचा नियम राहिलाय. मुदत आजच संपतेय."

"अगं पोरी, दुवा मोडतेस? तुझा मंत्री काय पळून जातोय?"

थोरांपुढे तोंड कसं चालवायचं! उल्कान मुकाट्याने उठली.

आठवड्याच्या आत बंदूकवाले तिच्या माहेरच्या कुरणात उतरले. भावाचा, जेंगिशचा, फोन आला. "एजे, ताई गं, घोडे धडधाकट आहेत! थांबव यांना!"

ती पोचली तेव्हा गवत रक्ताने चिकट झालं होतं. पाय मोडलेलं शिंगरू उठू बघत होतं. एकाने त्याच्या कपाळात गोळी घातली. जेंगिशने चाबूक उगारला आणि त्या माणसाचा डोळा फोडला. मग जेंगिशवर बंदुकीचे दस्ते बरसले. त्याचा जबडा मोडला, दात गवतात पडले.

"थांबा! मी समितीची अध्यक्ष आहे!"

"बाई, नियम तुमच्याच समितीतून आलाय," अधिकारी म्हणाला. "तेव्हा काय दातखीळ बसली होती?"

जेंगिश पुन्हा उठला. डोळा फुटलेल्याने त्याच्या पोटात गोळी झाडली. बहिणीच्या मांडीवरच त्याने जीव सोडला.

मयताच्या जेवणाला अख्खी समिती तिच्या माहेरी आली. जेवण संपलं, आबांनी तळवे उघडले. उल्कानने त्यांची मनगटं करकचून धरली.

"नाही आबा. नियम राहिलाय."

"पोरी, मुदत गेली. आता समितीच्या हातात काही नाही. केला तर संसदच रद्द करील."

"मग चला संसदेत. आत्ता!"

"आणि तुझ्या भावाची दुवा?"

उल्कानला हुंदका आवरेना, पण तिने हात सोडले नाहीत. कुरणाकडून पुन्हा गोळीचा आवाज आला. आबांनी मान खाली घातली आणि ते दुवा न मागताच उठले.