आसनाला ए किती?

गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत. मुळात ती एकाच माणसाची वहिनी होती, शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या धाकट्या दिराची. पण तो दिवसातून दहा वेळा "वहिनी, चहा आहे का गं?" असा गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडायचा, आणि होता होता पोस्टमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी होऊन बसली.

वहिनी वेताच्या खुर्च्या विणायची. फाटकी बैठक कापून काढायची, चौकटीची भोकं टोच्याने साफ करायची, पाण्यात भिजवून मऊ केलेला वेत एकेका भोकातून ओवायचा आणि जाळी अशी ताणून बसवायची की वर टिचकी मारली तर ती टणकन वाजली पाहिजे. हात चोख होता, पण त्याची कीर्ती गल्लीच्या तोंडाशीच संपत होती.

"वेबसाइट काढू," एक दिवस दीर म्हणाला. "तू फक्त नाव सांग. पुढचं माझ्याकडे लागलं."

वहिनीने हातातला वेत खालीही ठेवला नाही. "आसन. छोटं आहे, बसण्याशी संबंध आहे आणि कानाला बरं वाटतं."

दिराने खटखट टाइप केलं आणि जीभ चावली. "ए एस ए एन कुणीतरी आधीच घेतलंय. हरकत नाही, आपण सुरुवातीला दोन ए लावू. नाहीतरी तो 'आ'च आहे ना!"

"लोकांना कळेल ना, भावजी?"

"न कळायला काय झालं? एक ए जास्त, एवढंच तर आहे."

वेबसाइट झाली. फोटो झकास आले. वहिनीने भेटेल त्याला नाव सांगितलं, आणि मग ती फोनची वाट बघत बसली. तीन महिने गेले, फोन मुका तो मुकाच. जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली की हमखास म्हणत, "आमच्या मेहुण्याला सांगितलंय हं तुमचं," पण मेहुणा काही उगवत नव्हता. वहिनीच्या मनाने घेतलं की आता वेताच्या खुर्च्या कुणाला नकोच असाव्यात. कामावर बसली तरी हात रेंगाळायला लागले.

अशात एका सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीच्या घरातली, सडसडीत, पाठ कशी पट्टी लावून आखल्यासारखी. हातात वही.

"दोन ए वाल्या तुम्हीच का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"मी एका ए ची. योगाचे वर्ग घेते. बारा वर्षं झाली आसन नाव लावून, आणि बारा वर्षांत आले नसतील असले फोन मला या तीन महिन्यांत आलेत." ती वही उघडून उभ्या उभ्याच सांगू लागली. "पहिला फोन एका गृहस्थांचा. म्हणाले, 'बाई, मधोमध पार खचलीय हो.' मी विचारलं, वय काय? म्हणाले, 'ऐंशीएक वर्षं असेल. आजोबांनी आणलेली.' मला वाटलं, आजीबद्दल बोलतायत. म्हटलं, पाय कसे आहेत? 'पाय डुगडुगतात, पण पाठ शाबूत आहे.' मी म्हटलं, मग काळजी करू नका, रोज सकाळी थोडं थोडं वाकवायला घ्या."

वहिनीने तोंडावर पदर धरला.

"तर ते म्हणाले, 'वाकवली तर मोडेल ना!' बरं, म्हटलं, निदान माझ्याकडे जिना चढून येता येईल का? म्हणाले, 'छे छे, टेम्पोत उलटी घालून आणतो.'"

आता मात्र वहिनीला आवरेना. हसता हसता ती पाण्याच्या टबावर कोलमडायची बाकी राहिली. योगाच्या बाईंनाही हसू फुटलं, आणि दोघी डोळे पुसून शांत झाल्यावर बाईंनी वही पुढे केली. तिच्यात एकोणीस नावं होती, प्रत्येकापुढे फोन नंबर.

"सगळ्यांना सांगितलंय, पत्ता शोधून कळवते म्हणून. तोही सापडायला वेळ लागला."

वहिनी त्या नावांवरून बोट फिरवत राहिली. एकोणीस. म्हणजे मेहुणा उगवला होता, पण भलत्याच दारात. तिला एकदम हलकं वाटलं.

"पण नाव बदला बाई," योगाच्या बाई म्हणाल्या. "मी भांडायला आले नाही, पण माझ्याकडे लोक श्वास मोजत असतात आणि मधेच कुणीतरी फोन करून विचारतं, पॉलिश वेगळं का? नाव असं हवं, की तोंडी एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे."

दीर हाका मारण्याआधीच हजर झाला होता. दोन ए ची फुशारकी आठवून तो कान खाजवत म्हणाला, "मग तपासूनच बघू. बाबा आहेत ना!"

बाबा म्हणजे वहिनीचे सासरे. टपाल खात्यात उभा जन्म लोकांचे वेडेवाकडे पत्ते लावण्यात गेलेला. आता कान थोडे जड झाले होते, म्हणजे या कामाला अगदी योग्य माणूस. त्यांना मागच्या खोलीत कागद-पेन्सिल देऊन बसवलं, आणि दुकानातून फोन लावला. ऐकू येईल ते इंग्रजी अक्षरांत लिहायचं, एवढंच काम.

"खुर्ची," वहिनी म्हणाली.

"के एच घेऊ की नुसता के?" बाबा गरजले. "शेवटी आय की दोन ई? मी चार तऱ्हांनी लिहिलंय, हवं ते घ्या."

"बाद," योगाच्या बाई म्हणाल्या.

"वेत!"

"व्ही ई टी. अगं, हा तर जनावरांचा डॉक्टर झाला! उद्या लोक कुत्री घेऊन येतील."

दिराने फोन ओढून घेतला. "बाबा, वेत, मग आडवी रेघ, मग काम."

बाबांनी 'आडवी रेघ' हे शब्दसुद्धा अक्षर न् अक्षर लिहून काढले आणि विचारलं, "हे काय गावाचं नाव आहे?" त्यावर दीर 'ग्लोबल चेअर सोल्युशन्स' म्हणाला, तेव्हा बाबांनी फोनच ठेवून दिला.

वहिनीने पुन्हा लावला, समजूत घातली. एवढ्यात डोक्यावर उलटी खुर्ची घेऊन एक गिऱ्हाईक दारातून वाकून आत आलं. फोन कानाला तसाच ठेवून वहिनी म्हणाली, "या, बसा."

"बसू कशावर? खुर्ची तर डोक्यावर आहे."

तेवढ्यात फोनमधून बाबांचा आवाज आला, "हं, हे ठीक आहे. वाय ए बी ए एस ए. पुढचं सांग."

सगळ्यांनी दिराकडे पाहिलं. दिराने हळूच टाइप केलं. मग खुर्चीवरून उठला आणि परत बसला. "मोकळं आहे! डॉट कॉम मोकळं आहे!"

"शेवटी कुणी दोन ए लावले तर?" योगाच्या बाईंनी लगेच विचारलं.

"तेही घेऊन टाकतो. तिकडे गेलेला माणूस आपोआप इकडेच येईल." यावेळी त्याने खरंच दोन्ही घेतली, आणि गिऱ्हाइकाने डोक्यावरची खुर्ची उतरवायच्या आत.

वहिनीने त्या आठवड्यात एकोणीस फोन केले. दोघांनी कंटाळून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या, एकाचं घरात एकमत होईना. उरलेले सोळा आले. योगाच्या बाईंनी तिच्याकडूनच रुंद बैठकीच्या आठ खुर्च्या विणून घेतल्या, ज्यांना जमिनीवर बसवत नाही अशा शिष्यांसाठी, आणि वर्गात नाव सांगायचं कामही स्वतःहून अंगावर घेतलं. बाबांना तर नवा हुद्दाच मिळाला. समोरचा चष्मेवाला वेबसाइटला नाव काढायला त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल घेऊन बसतो, आणि बाबा त्याला एकामागून एक नापास करतात.

पुढे महिन्याभराने दूरच्या एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. बाल्कनीतल्या चाळीस खुर्च्या विणायच्या होत्या. आधी काम बघता येईल का, असं त्यांनी विचारलं. वहिनीने वेबसाइटचं नाव सांगितलं आणि सवयीने अक्षरं सुटी करून सांगायला श्वास घेतला.

"हो, उघडली," पलीकडून आवाज आला. "अरे वा, सुंदर आहे हो काम!"

वहिनीने तो श्वास सावकाश सोडला, आणि वेताची मोठी मोळी मागवायला दिराला पिटाळलं.