रीछवाल्या महाराजांच्या दोन डब्या

श्रद्धेपुढे हिमालयसुद्धा वितळतो, अशी घोषणा रीछवाले महाराजांनी सोसायटीच्या गेटवर केली. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर ते दहा मिनिटं नुसते धापा टाकत बसले.

मयूर विहारची निम्मी मराठी माणसं कुमुदवहिनींच्या हॉलमध्ये दाटली होती. बाहेर जानेवारीचं धुकं, आत खुर्चीत वहिनींचा नवरा श्रीरंग. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या आणि व्यायाम, धीर धरा. वहिनींचा धीर संपला होता.

महाराजांनी अस्वलाची चरबी काढायला झोळीत हात घातला. "असली रीछ की चरबी! जहाँ रोग नहीं, वहाँ पिघलेगी. जहाँ रोग है, वहाँ पत्थर!"

श्रीरंगच्या डाव्या तळव्यावर चिमूटभर चरबी ठेवली. ती बघता बघता विरघळली. उजव्यावर ठेवली, ती मेणासारखी तशीच. हॉलभर हुंदका फुटला.

"अंग्रेज़ी गोली अंदर जमी बैठी है. आज से बंद! ग्यारह दिन में हाथ उठेगा."

वहिनी गोळ्यांची पाकिटं घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या.

"वहिनी, अहो, बीपी आहे त्याला!" मी म्हटलं.

"भाऊजी, तुम्हाला बोलायला काय जातं? मी रोज घास भरवते त्यांना. लहान मुलासारखे रडतात हो."

पुढे सरसावल्या त्या तळमजल्यावरच्या इंदुमतीबाई. दर थंडीत त्या खाटकाकडून बोकडाची चरबी आणतात, मंद आचेवर कढवतात, गाळतात आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. वासाबद्दल सोसायटीने त्यांना दोन नोटिसा दिल्यात.

त्यांनी उजव्या हातावरचा गोळा उचलून हुंगला. "हे तर बोकड! गरम केल्याशिवाय माझ्याही हातावर विरघळत नाही. महाराज, झोळी दाखवा."

"माताजी, पाप लगेगा!"

"बिल्कुल लगने दो." झोळीतून एकसारख्या दोन डब्या निघाल्या. बाईंनी महाराजांचेच तळवे धरले. एका डबीतली चरबी एका तळव्यावर ठेवली, दुसरीतली दुसऱ्यावर. एकीचं तेल झालं. दुसरी ढिम्म.

"अरे देवा! महाराजांनाही झटका आला की काय?" बाई म्हणाल्या.

विरघळली ती डुकराची, बाईंनी वासावरून सांगितलं. ती अंगाच्या उबेने पाघळते, बोकडाची तेवढ्याने पाघळत नाही. अस्वल कुठेच नव्हतं. महाराज जिना उतरले, तेव्हा त्यांना धाप लागली नाही.

लोकहो, एवढंच सांगतो: चमत्कार दिसला की त्याच वस्तू धडधाकट माणसाच्या हातावर ठेवून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

वहिनींनी श्रीरंगला गोळी दिली, त्याचं तोंड पुसलं. मग इंदुमतीबाईंना हळूच स्वयंपाकघरात नेलं. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं.

"इंदूताई, गोळ्या नाही बंद करणार, शपथ. पण तुमची ती टाचांची चरबी... एक वाटीभर द्याल?"